दावणीचा हिशेब

आश्विन वद्य द्वादशीला शहरातली दिवाळी सुरू होते. पंचांगात त्या दिवसाचे नाव वसुबारस. सवत्स धेनूची पूजा करावयाची, पण धेनू आणावयाची कोठून? मग पितळेची गाय-वासराची जोडी चौरंगावर ठेवतात, किंवा कोपऱ्यावरच्या गाईवाल्या बाईला चार पैसे देऊन हळद-कुंकू वाहतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हीच तिथी वाघबारस म्हणून ओळखतात. तेथे गाईची नव्हे, वाघाची पूजा होते. शेंदूर लावलेल्या वाघदेवापुढे नारळ फुटतो, गुराख्यांचा मान होतो, आणि वर्षभर गुरे सुखरूप चरू दे असे गाऱ्हाणे घातले जाते. ज्याच्याकडे गाय नाही तो गाय पुजतो आणि ज्याच्या दावणीला गाय आहे तो वाघ पुजतो, ही गोष्ट मला अनेक वर्षे गमतीची वाटत आली. गुरे ज्याला सांभाळावयाची असतात त्याला गाईच्या पावित्र्याहून तिच्या जिवाची काळजी अधिक असते, एवढाच त्याचा अर्थ.

आता तो पट्टेरी वाघ फारसा उरलेला नाही. बिबट्या अधूनमधून वासरू उचलतो, पण दावण रिकामी करणारा खरा वाघ निराळाच आहे. त्याच्याविषयी यंदाच्या दिवाळीत चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

मराठीच्या मास्तराने गुराढोरांत का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याला कारण एक शब्द. ‘भाकडकथा’ हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो तो निरर्थक, पोकळ गोष्ट ह्या अर्थाने. दूध न देणारी ती भाकड गाय आणि अर्थ न देणारी ती भाकडकथा, असे सांगून आम्ही पुढच्या शब्दाकडे वळतो. एकदा मागच्या बाकावरून साखरशेतकडच्या एका मुलाने विचारले, “सर, भाकड गाय निरर्थक कशी? ती खाते ना!” वर्ग हसला. मला मात्र त्या उत्तरात अर्थशास्त्राचा एक सबंध धडा दिसला. निरर्थक गोष्टीला निदान चारा लागत नाही.

त्याच मुलाने पुढे ‘आमच्या घरचे धन’ ह्या विषयावर निबंध लिहून दिला. त्यात कल्पनाविलास शून्य होता, नुसती यादी होती : दोन बैल, सहा गाई, दोन कालवडी, एक गोऱ्हा. एकूण अकरा. सहा गाईंपैकी दुधाची एक. भाताची जमीन दोन एकर, शिवाय डोंगरउतारावर नागली-वरईचे वरकस. आणि शेवटी लिहिले होते की अकरा गुरे आहेत म्हणून आजोबांना गावात मान आहे. मी त्याला त्या वर्षीचे सर्वांत जास्त गुण दिले, आणि सुटीत त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो.

साखरशेत हे जव्हार तालुक्यातले गाव. नावात साखर असली तरी मुलुख भात, नागली आणि वरईचा. पाऊस असा की सह्याद्रीच्या ह्या बाजूला न राहिलेल्या माणसाला त्याची कल्पना यावयाची नाही. ह्या पावसात टिकते ती डांगी गाय. गुजरातेतल्या डांगपासून नाशिकच्या इगतपुरी आणि अहिल्यानगरच्या अकोल्यापर्यंत आणि इकडे जव्हार-मोखाड्यापर्यंत हिचा पसारा. अंगावर पांढऱ्यात काळे किंवा तांबडे ठिपके, खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक, आणि कातडीतून तेलासारखा अंश पाझरतो म्हणून पाण्याची धार अंगावरून निथळून जाते. रंगावरून पांढरा बहाळा, काळा बहाळा, पारा अशी तिची नावे पडली आहेत. कोणत्याही शब्दकोशापेक्षा ह्या भागातला म्हातारा गुराखी हा शब्दसंग्रह अधिक बिनचूक सांगतो. दूध मात्र बेताचे. दिवसाकाठी दीड-दोन लिटर निघाले तरी पुष्कळ, आणि त्यावर पहिला हक्क वासराचा. डांगीची कीर्ती आहे ती बैलासाठी. गुडघाभर चिखलात दिवसभर आऊत ओढावे, डोंगरातून लाकूड खाली आणावे, आणि तक्रार करू नये, हे तिच्या मुलांचे काम.

म्हणजे साखरशेतची गुरे ही दूधधंद्याची गुरे नव्हेत. ती वासरांची गुरे आहेत, आणि येथे मला परदेशातला गुरांचा धंदा आठवतो. अमेरिका, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया येथे मांसासाठी गुरे पाळतात. आपल्या राज्यात तो धंदा नाही आणि कायद्याने असू शकत नाही. पण त्या लोकांचा हिशेब समजून घेण्यास काही अडचण नाही, कारण त्यांची गायही दूध विकत नाही. तिचे वर्षाचे उत्पन्न म्हणजे एक वासरू, बस्स. गाईची गर्भधारणा सुमारे दोनशे ऐंशी दिवसांची. दरवर्षी एक वासरू हवे तर व्याल्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत ती पुन्हा फळली पाहिजे. तिकडचा शेतकरी शरद ऋतूत प्रत्येक गाय तपासून घेतो. गाभण असेल ती राहते, रिकामी असेल ती बर्फ पडण्यापूर्वी विकली जाते. बर्फात चरावयास काही नसते, सुके गवत विकत किंवा साठवणीतले घालावे लागते, आणि गुरांच्या धंद्यात बुडालेला पैसा बहुधा त्या सुक्या गवतातच बुडालेला असतो.

आमच्याकडे बर्फ नाही, पण फाल्गुन ते ज्येष्ठ हे चार महिने आहेत. डोंगर भाजून निघतात, ओढे आटतात. तिकडचा हिवाळा तो आमचा उन्हाळा. म्हणून गुरे मोजण्याची खरी वेळ दिवाळी हीच : भात कापून झालेला, पेंढा खळ्यावर आलेला, आणि गवताचा शेवटचा हिरवेपणा अजून टिकलेला.

आजोबांच्या अंगणात बसून आम्ही पेंढा मोजला. म्हणजे मी कागदावर आणि त्यांनी नजरेने, आणि दोघांचा आकडा जवळजवळ सारखाच आला. दोन एकरांत चोवीस क्विंटल पेंढा धरा. मोठे जनावर दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा खाते. निम्मे रानात मिळते असे मानले तरी उरलेले तीन किलो दावणीला घालावे लागतात. चार महिन्यांचे झाले तीनशे साठ किलो. दोन बैल आणि सहा गाई मिळून आठ मोठी जनावरे. त्यांनाच एकोणतीस क्विंटल हवेत, आणि तीन लहानांना मोठ्यांच्या निम्मे धरले तरी आणखी पाच-साडेपाच. चौतीस हवेत, आहेत चोवीस. हे दहा क्विंटल कोठून येतात? कोठूनच येत नाहीत. अकराही जनावरे थोडी थोडी उपाशी राहतात. मृगाच्या सुरुवातीला गाईची हाडे मोजता येतात, ती माजावर येत नाही, आली तरी फळत नाही, आणि दोन वेतांत दोन-दोन वर्षांचे अंतर पडते.

येथेच तो वाघ बसला आहे. भाकड गाय दावणीला असते ती एकटी खात नाही, शेजारच्या गाईच्या गर्भातले वासरूही खाते.

हिशेब सोपा आहे, पण पटणे कठीण. सहा गाई दोन वर्षांनी एकदा वीत असतील तर वर्षाला सरासरी तीन वासरे. चारच गाई ठेवल्या, त्यांना पोटभर पेंढा मिळाला आणि त्या सोळा महिन्यांनी वीत राहिल्या, तरीही वर्षाला तीनच वासरे. वासरे तेवढीच, खाणारी तोंडे दोन कमी. आणि दोन बैल, चार गाई व एक-दोन लहान एवढ्यांना चोवीस क्विंटल बरोबर पुरतो. मी हे आजोबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, दोन गाई कमी करायच्या म्हणता. घेणार कोण?”

हा प्रश्न मात्र पुस्तकातला नव्हता.

पूर्वी हेडी येत असे. म्हातारा बैल, आटलेली गाय, मोडक्या खुराचे जनावर, काहीही त्याला चाले. भाव कमी देई, पण नेई. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, बैलांना ठराविक अटींवर मोकळीक होती. १९९५ साली विधिमंडळाने बैल आणि वळूही त्या बंदीत आणणारी दुरुस्ती संमत केली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळून ती लागू झाली मार्च २०१५ मध्ये. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेरून आणलेले गोमांस बाळगण्यावरचे कलम रद्द केले, कत्तलीवरची बंदी मात्र कायम ठेवली. म्हैस ह्या बंदीच्या बाहेर राहिली. कायदा योग्य की अयोग्य हा वाद सभागृहात आणि न्यायालयात पुष्कळ झालेला आहे. मी फक्त साखरशेतच्या वहीत पाहतो. म्हाताऱ्या बैलाच्या नावापुढे तेथे पूर्वी एक रक्कम लिहिलेली असे, आता ती जागा कोरी आहे. जनावर मारू नये हे कायद्याने ठरवले. त्याला उरलेली वर्षे चारा कोणी घालावा, हे ठरवले नाही.

त्याचा परिणाम काय झाला हे शिरगणतीत दिसते. २०१२ साली राज्यात सुमारे एक कोटी पंचावन्न लाख गाई-बैल होते, २०१९ साली ते एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आले. सगळ्या देशात त्याच सात वर्षांत नर गुरे तीस टक्क्यांनी घटली. ह्यात ट्रॅक्टरचा वाटा मोठा आहे, केवळ कायद्याला दोष देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण जव्हारच्या उतारावरच्या खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही, आणि तेथेही तरुण शेतकरी शेळ्यांकडे वळत आहे. शेळी केव्हाही विकता येते, कोणीही घेतो. ज्या धंद्यातून बाहेर पडता येत नाही त्यात शहाणा माणूस शिरत नाही. डांगीचे भवितव्य त्याच्या ह्या शहाणपणावर अवलंबून आहे, ही काळजीची गोष्ट.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले, आणि गोशाळांतल्या देशी गाईंच्या पोषणासाठी दिवसाला पन्नास रुपये देण्याचे ठरवले. पदवीबद्दल मी काही बोलत नाही, भाषेच्या मास्तराला पदव्यांचे अप्रूप कमीच. पन्नास रुपयांबद्दल बोलतो. दिवसाला पन्नास म्हणजे वर्षाला अठरा हजार दोनशे पन्नास. गाय सांभाळावयास काय लागते ह्याचा आकडा सरकारनेच येथे लिहून दिला. हा पैसा गोशाळेत मिळतो, साखरशेतच्या गोठ्यात नाही. तिथला माणूस आपल्या भाकड गाईला हेच अनुदान स्वतःच्या मुलांच्या ताटातून देतो. उन्हाळ्याच्या चार महिन्यांचे एका गाईचे सहा हजार रुपये होतात. रोख तो देत नाही हे खरे, पण पेंढा आणि गवत ह्यांना ह्या भागात नेहमीच पैशाची किंमत राहिली आहे. ठाण्याच्या जंगलपट्टीतले गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे, आणि १९४५ च्या वारली उठावात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न अगदी पुढे होता. पाचशे पौंड गवत कापल्याबद्दल अडीच रुपये मिळावेत म्हणून माणसे उभी राहिली. गवत फुकट असते अशी समजूत फक्त गवत न कापणाऱ्यांची.

तर, घेणार कोण? मी आजोबांना तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. पुढे घोटीच्या बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोललो, पशुवैद्यांना विचारले, आणि आता थोडे बोलू शकतो. शेवटचे दार बंद आहे, तर त्याच्या आधीच्या दारातून बाहेर पडावे लागेल. गाय नऊ-दहा वेते झाल्यावर विकावयास काढली तर गिऱ्हाईक नाही. चौथ्या-पाचव्या वेतात, गाभण असताना किंवा वासरू पायाशी असताना काढली तर खाली वाड्या-विक्रमगडचा किंवा वर घाटावरचा शेतकरी तिला घेतो, कारण त्याला ती गाय दिसते, ओझे दिसत नाही. बैलाचेही तेच. दात झिजल्यावर नव्हे, दोन-तीन हंगाम काम करून अंगात जोर असताना जोडी विकावी आणि खालची तरणी जोडी जुंपावी. त्यालाही वेळ आहे. गाय काढावयाची ती कार्तिकात, उन्हाळ्याचा पेंढा तिच्यावर खर्च होण्यापूर्वी. बैलजोडी काढावयाची ती वैशाखात, पेरणीच्या तोंडावर, तेव्हा गरज गिऱ्हाइकाला असते. गोऱ्हे सगळेच सांभाळत बसू नये. शिंगा-रंगाची, चालीची जोडी जमत असेल आणि पेंढा शिल्लक असेल तरच वाढवावे, नाहीतर वर्षाचा होताच बाजार दाखवावा.

ह्यात एक अन्याय आहे आणि तो मला दिसतो. साखरशेतची गाय पाचव्या वेतात गेली, तरी ती दहाव्या वेताला कोणाच्या तरी दावणीला म्हातारी होणारच. ओझे नाहीसे होत नाही, ते सरकते. पण ते जर सरकणारच असेल तर दोन एकरवाल्याकडून दहा एकरवाल्याकडे सरकावे, उलट दिशेने नव्हे. आणि उलट दिशेचाही धोका असतो, कारण म्हातारे जनावर स्वस्त मिळते आणि गरीब माणूस स्वस्त तेच घेतो.

विक्रीच्या वेळेला ह्या भागात आणखी एक अर्थ आहे. दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर माणसे जातात. जाण्यापूर्वी घरात उचल आलेली असते, आणि ती फेडावयास पुढचे सहा महिने बायका-मुलांसकट राबावे लागते. ज्या घरात दिवाळीला एक विकण्याजोगे जनावर असते, त्या घराला उचल घेण्यापूर्वी विचार करावयास सवड मिळते. पशू आणि पैसा ही जुनी सोयरीक आहे. लॅटिनमध्ये गुरांना ‘पेकस’ म्हणत, त्यावरून पैशाला ‘पेकुनिया’ म्हणू लागले. आपण तर गाईला सरळ गोधनच म्हणतो. पण धन ते की जे गरजेला मोडता येते. दहा हाडकुळी जनावरे दावणीला असून एकही विकता येत नसेल, तर त्या घरात धन नाही, फक्त गुरे आहेत.

कमी जनावरे ठेवा म्हणणे सोपे, पण ठेवलेली मरता कामा नयेत, नाहीतर माणूस पुन्हा संख्येच्या आसऱ्याला जातो. पाऊस सुरू होण्यापूर्वी घटसर्प आणि फऱ्या ह्यांची लस टोचून घ्यावी. २०२२ साली लम्पी राज्यभर फिरला तेव्हापासून तिचीही लस विसरू नये. पेंढा नुसता घालण्याऐवजी थोडा युरिया वापरून मुरवला तर त्याचा कस वाढतो. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, वर कागद घट्ट बांधून तीन आठवडे हवाबंद ठेवावा, आणि घालण्यापूर्वी थोडा वेळ उघड्यावर पसरावा म्हणजे उग्र वास उडून जातो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तो घालू नये, आणि युरियाच्या पाण्याला गुरांचे तोंड चुकूनही लागू देऊ नये, ते विष आहे. मिठाचा खडा गव्हाणीजवळ टांगलेला असावा. आजोबांनी हे सगळे ऐकून घेतले. युरियाबद्दल त्यांनी नाक मुरडले, मिठाला मान डोलावली.

म्हातारी गाय आजोबांकडे एक आहे. मुलाच्या वडिलांच्या लग्नात तिच्या आईचे वासरू दिले होते, अशी तिची कुळकथा. ती विकण्याची गोष्ट निघाली तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. मी मुलाला सांगितले, हिला गुरांच्या यादीतून काढ आणि घरच्या माणसांच्या यादीत घाल. तिचा पेंढा आजीच्या औषधासारखा वेगळा धर. हिशेबात माया आणू नये, असे मी म्हणत नाही. ती कोणत्या रकान्यात लिहिली हे माहीत असावे, म्हणजे अशी एकच असते, चार होत नाहीत.

वळूचे तेवढे राहिले. पाड्यावर सहा-सात उनाड गोऱ्हे मोकळे फिरत असतात आणि गाईंना तेच लागतात. मग डांगीची पुढची पिढी खुजी, आखूड अंगाची निघते, आणि बाजारात तिचा भाव उतरतो. पशुवैद्याच्या चिमट्याने हे सारे गोऱ्हे वेळेवर खच्ची करून घ्यावेत, त्याला फार खर्च येत नाही. सगळ्यांनी मिळून एकच चांगल्या आईचा डांगी वळू राखावा. त्याच्या स्वतःच्या कालवडी माजावर येण्याच्या सुमारास, म्हणजे तीन वर्षांनी, तो दुसऱ्या पाड्याला देऊन त्यांचा आपण घ्यावा. साखरशेतच्या त्या मुलाने शेजारच्या पाड्यावरचा एक काळा बहाळा पाहून ठेवला आहे. त्याच्या मोबदल्यात काय द्यावयाचे ह्यावर वाघबारशीच्या दिवशी, सगळे एकत्र येतील तेव्हा, बोलणे व्हावयाचे आहे.